हलक्या विमानाचा प्रोपेलर बदलायचाय? नागपूरच्या हँगरमधून, पायरी-पायरीने

आमच्या हँगरमध्ये प्रोपेलरला प्रोपेलर कोणी म्हणत नाही. वैमानिक 'प्रोप' म्हणतात, मदतीला असणारी पोरं 'पंखा' म्हणतात. माझं विमान सेसना १७२ आर, चार आसनी, १६० अश्वशक्तीचं. हिवाळ्यात ते सोनेगावच्या विमानतळावरून छान वर चढायचं. मे महिन्यात तेच विमान, तीच धावपट्टी, तीच माणसं, आणि चढाईचा काटा मिनिटाला ४०० फुटांच्या वर सरकायचा नाही. नागपूरच्या या डॉ. बाबासाहेब आंबेडकर विमानतळाची धावपट्टी ३,२०० मीटर लांब असल्यामुळे इथे त्याची भीती वाटली नाही. पण चंद्रपूरजवळच्या मोरव्यासारख्या छोट्या धावपट्टीवरून भर दुपारी निघायचं म्हटलं की पोटात गोळा यायचा. तेव्हा ठरवलं, प्रोप बदलायचा.

ठरवल्यापासून नव्या प्रोपवर पहिलं उड्डाण होईपर्यंत अकरा महिने लागले. त्यातले निदान पाच माझ्या चुकीच्या क्रमामुळे गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून सगळं क्रमाने लिहितोय. हे भारतात नोंदणी असलेल्या, एका पिस्टन इंजिनाच्या खासगी विमानासाठी आहे.

## आधी दोन आकडे समजून घ्या

फिक्स्ड पिच, म्हणजे उडताना पात्यांचा कोन बदलता न येणाऱ्या, प्रोपवर दोन आकडे महत्त्वाचे असतात, व्यास आणि पिच, दोन्ही इंचांत. '७६ बाय ६०' म्हणजे व्यास ७६ इंच आणि पिच ६० इंच. हवा लोण्यासारखी घट्ट असती, तर हा प्रोप एका फेऱ्यात ६० इंच पुढे सरकला असता. पिच कमी असेल तर इंजिनाला तो हलका जातो, आरपीएम (मिनिटाला फेरे) पटकन वाढतात, चढाई चांगली मिळते. पिच जास्त असेल तर सरळ उड्डाणात कमी आरपीएमवर वेग मिळतो, पण टेकऑफला इंजिन दबून राहतं. सायकलच्या गिअरसारखंच. सीताबर्डीच्या किल्ल्याचा चढ जड गिअरवर चढून पाहा, लगेच कळेल.

माझ्या १७२ आरवर ७५ बाय ७० चा मेकॉली प्रोप होता. विमानाच्या पुस्तकाप्रमाणे जमिनीवर पूर्ण थ्रॉटलला (इंजिनाला पूर्ण जोर देऊन) त्याचे आरपीएम २,०६५ ते २,१६५ यायला हवेत. त्याच १७२ चं एस मॉडेल ७६ बाय ६० वर चालतं, आणि तिथे हाच आकडा २,३०० ते २,४०० असतो. इंजिन दोन्हीकडे एकच, लायकमिंग आयओ-३६०-एल२ए. आर मॉडेलवर त्याला २,४०० आरपीएमची मर्यादा घालून १६० अश्वशक्ती दिली आहे, एसवर २,७०० आरपीएमला १८०. म्हणजे वीस अश्वशक्ती माझ्याच काउलिंगखाली, म्हणजे इंजिनाच्या झाकणाखाली, होती, जड पिच आणि आरपीएमची मर्यादा यांनी ती अडवून धरली होती.

## १. बदलण्याआधी मोजा

ही पायरी बहुतेक जण गाळतात. नवा प्रोप बसल्यावर मग 'फरक पडल्यासारखा वाटतोय' एवढंच हाती राहतं. लाखो रुपये घालून 'वाटतोय' नको.

पहिलं काम म्हणजे टॅकोमीटर, आरपीएम दाखवणारा काटा, तपासणं. जुने यांत्रिक टॅकोमीटर कालांतराने चुकीचे दाखवायला लागतात. हातात धरायचा ऑप्टिकल टॅकोमीटर घ्या आणि एएमईसोबत (विमानाच्या देखभालीचा परवाना असलेल्या अभियंत्यासोबत) चालू इंजिनावर ताडून पाहा. माझा टॅकोमीटर खऱ्यापेक्षा ६० आरपीएम कमी दाखवत होता. म्हणजे 'प्रोप जड आहे' या माझ्या तक्रारीतला थोडा भाग नुसत्या काट्याचा होता. तो आधी दुरुस्त केला.

मग वारा पडलेला असताना, सकाळी सूर्य वर यायच्या आत, दोन-तीन उड्डाणांत हे लिहून ठेवा:

- पूर्ण थ्रॉटलला जमिनीवरचे आरपीएम. एकदा नाक वाऱ्याकडे करून, एकदा उलट दिशेला, मग सरासरी.
- धावपट्टीवर चाकं सुटेपर्यंतचं अंतर, कडेच्या दिव्यांवरून मोजून.
- २,००० ते ४,००० फूट चढायला लागलेला वेळ, ठरावीक वेगाला.
- सरळ उड्डाणात एका आरपीएमला चारही दिशांना जीपीएसवरचा वेग आणि ताशी इंधन.
- प्रत्येक वेळचं तापमान, क्यूएनएच (समुद्रसपाटीला आणलेला हवेचा दाब) आणि विमानाचं वजन.

तापमान का? सोनेगावची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे १,०३३ फूट. प्रमाण वातावरणात या उंचीला १३ अंश धरतात. त्यावर प्रत्येक अंशाला साधारण १२० फूट डेन्सिटी अल्टिट्यूड (हवेच्या विरळपणावरून ठरणारी उंची) वाढते. ४५ अंशांना हिशेब ४,८०० फुटांच्या पुढे जातो. त्यातही मे महिन्यात क्यूएनएच १,००२ च्या आसपास उतरला की आणखी चारेकशे फूट धरा. म्हणजे नवतप्यातल्या दुपारी विमान नागपुरात उभं असलं, तरी इंजिनाला आणि प्रोपला ते पाच हजार फुटांवर उभं असतं. हवा तेरा-चौदा टक्के विरळ.

इथे एक गोष्ट भल्याभल्यांना चकवते. फिक्स्ड पिच प्रोपचे जमिनीवरचे आरपीएम उन्हाळ्यातही जवळजवळ तेवढेच येतात. विरळ हवेत इंजिनाची ताकद घटते आणि प्रोपला फिरायला लागणारा जोरही घटतो, दोन्ही बरोबरीने. काटा हिवाळ्यातलाच आकडा दाखवतो, पण ओढ तेवढी नसते. म्हणून 'आरपीएम पूर्ण आलेत, निघूया' हा निर्णय दुपारी दोन वाजता पुरेसा नाही. पुस्तकातला टेकऑफचा तक्ता उघडाच.

## २. जुन्याच प्रोपची तब्येत पाहा

नवा घ्यायच्या आधी जुना खरंच संपलाय का ते विचारा. मेकॉलीच्या फिक्स्ड पिच प्रोपना साधारणपणे २,००० तास किंवा ७२ महिने, जे आधी येईल ते, असा ओव्हरहॉलचा काळ सांगितलेला असतो. खासगी विमानं फार उडत नाहीत, त्यामुळे तास शिल्लक आणि महिने उलटून गेलेले, हे नेहमीचं चित्र आहे. पात्यांच्या पुढच्या कडा खड्यांनी झिजून बोथट झाल्या असतील, तर मान्यताप्राप्त प्रोप शॉपमध्ये ओव्हरहॉल करूनही हरवलेली चढाई बरीचशी परत मिळते. तिथेच, मंजूर मर्यादेत बसत असेल तर, पिचही थोडा बदलून मिळतो. हा सगळ्यांत स्वस्त मार्ग आहे, आणि तुमचं काम तेवढ्यात भागत असेल तर पुढचं वाचायची गरज नाही.

कडेवरचा खड्डा स्वतः कानसीने घासू नका. ॲल्युमिनियमच्या पात्यात चुकीच्या जागी उरलेला एक ओरखडा म्हणजे तडा जाण्याची सुरुवात असते. पात्याचा टोकाकडचा तुकडा उडाला तर असंतुलनाने इंजिन माउंटसकट उखडू शकतं. हे काम त्याची परवानगी असलेल्या माणसाचं आहे.

## ३. कोणता प्रोप?

चार पर्याय पुढे येतात.

त्याच घरातला दुसरा पिच. मी हाच घेतला. १७२ आरसाठी सेसनाचंच अधिकृत मॉडिफिकेशन किट आहे, क्रमांक एमके१७२-७२-०१. त्यात ७६ बाय ६० चा प्रोप येतो, इंजिनाला १८० अश्वशक्तीची परवानगी मिळते आणि कमाल वजन २,४५० वरून २,५५० पौंड होतं. १०० पौंड म्हणजे ४५ किलो. चार आसनी विमानात ४५ किलो फार मोठी गोष्ट आहे. इंजिनाला हात लावावा लागत नाही. पण त्याची किंमत दुसरीकडे मोजावी लागते: पिच बारीक, म्हणजे कमी, झाल्याने पूर्वीचाच वेग ठेवायला आरपीएम जास्त लागतात, इंधन जास्त जातं, आवाज वाढतो. ७५ इंची प्रोपचं टोक २,४०० आरपीएमला सेकंदाला सुमारे २३९ मीटरने फिरतं, ७६ इंची २,७०० ला सुमारे २७३ मीटरने. ध्वनीचा वेग ३४० च्या आसपास, हे लक्षात घेतलं की आवाज का वाढतो ते कळतं.

तीन पात्यांचा. दिसायला देखणा, चालायला मऊ, व्यास लहान असल्याने जमिनीपासून अंतर जास्त. कच्च्या धावपट्ट्यांवर जाणाऱ्यांना त्याचा उपयोग आहे. पण वजन आणि किंमत वाढते, आणि बहुतेक हलक्या विमानांवर सरळ उड्डाणात एखाद-दुसरा नॉट कमीच होतो. केवळ रूपासाठी घेऊ नका.

लाकडाच्या गाभ्याचा किंवा कंपोझिट. जर्मनीच्या एमटीसारख्या कंपन्या बनवतात. वजनाला हलका, कंपन कमी. साधा लाकडी प्रोप असेल तर मात्र आपल्या हवेचा विचार करा. मे महिन्यात नागपूरची हवा हाडं वाळवते, जुलैत तीच ओल धरते. लाकूड आकसतं आणि फुगतं, बोल्टचा ताण बदलतो. ऋतू पालटला की ताण पुन्हा तपासावा लागतो. उभा करतानाही पाती आडवी ठेवायची, नाहीतर ओल खालच्या पात्यात उतरून तोल जातो.

कॉन्स्टंट स्पीड, म्हणजे उडताना पिच बदलणारा. टेकऑफला बारीक पिच, सरळ उड्डाणात जाड पिच, दोन्ही सुखं एकत्र. पण त्यासाठी गव्हर्नर (तेलाच्या दाबाने पिच बदलणारं यंत्र) हवा, तो बसवायला इंजिनावर जागा हवी, आणि क्रँकशाफ्ट पोकळ, तेल पुढपर्यंत जाईल असा हवा. तुमच्या इंजिनाच्या नावामागचं एकेक अक्षर तपासल्याशिवाय या वाटेला जाऊ नका. शिवाय वजन. समजा नवा प्रोप आणि गव्हर्नर मिळून २० पौंड जास्त आहे. १७२ वर प्रोप मोजमापाच्या शून्य रेषेच्या सुमारे ३८ इंच पुढे असतो. रिकाम्या विमानाचा गुरुत्वमध्य त्या रेषेच्या साधारण तेवढाच मागे, म्हणजे दोघांत ७६ इंच. २० गुणिले ७६ म्हणजे १,५२०. रिकामं वजन १,७०० पौंड धरलं तर गुरुत्वमध्य पाऊण इंचाहून जास्त पुढे सरकला. पुढे दोघेच बसले असतील तर लँडिंगला नाक जड लागेल.

कुठलाही निवडा, या तीन गोष्टी विचाराच. एक, जमिनीपासून अंतर: नाकाखाली चाक असलेल्या विमानाला निदान ७ इंच, शेपटीखाली चाक असलेल्याला ९ इंच. दोन, या इंजिनावर या प्रोपला कुठली आरपीएमची पट्टी टाळायला सांगितली आहे का? जुन्या १८० अश्वशक्तीच्या पायपर चेरोकीवर सेन्सेनिच प्रोपसाठी २,१५० ते २,३५० दरम्यान सतत चालवू नका अशी सूचना असते. कारण त्या पट्टीत इंजिनाचे झटके आणि पात्याची स्वतःची थरथर जुळतात, आणि पातं आतून थकत जातं. बाहेरून काही दिसत नाही. तीन, तुमचं स्पिनर (प्रोपच्या मध्यावरची टोकदार टोपी) आणि त्यामागची बल्कहेड (तिला धरणारी चकती) नव्या प्रोपला चालते का? नसेल तर तीही यादीत धरा.

## ४. कागद आधी, खरेदी नंतर

माझे पाच महिने इथे गेले.

मला एका विक्रेत्याकडे ७६ बाय ६० चा जवळजवळ नवा प्रोप मिळाला. भाव चांगला होता, मी पैसे पाठवून मोकळा झालो. खोकं आलं, उघडलं, आणि हबवर (प्रोपच्या मधल्या भागावर) कोरलेल्या सीरियल नंबरातला एक आकडा कागदावरच्या आकड्याशी जुळेना. प्रोप झकास होता. पण तो कागद त्या प्रोपचा आहे हे सिद्ध होईपर्यंत माझ्यासाठी ते साडेतीन फूट रुंद, सात फूट लांब खोक्यातलं ॲल्युमिनियम होतं. आमचे एएमई मूळचे वर्ध्याचे. त्यांनी खोक्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "भाऊ, पंखा घ्याचा असन तं पहिले कागद पाहा. पंखा कुठी पळून नाही जात."

प्रोप बदलणं म्हणजे सुटा भाग बदलणं, असं आपल्याला वाटतं. आहे त्याच मॉडेलचा, त्याच पार्ट नंबरचा प्रोप लावायचा असेल तर तसंच आहे. पण मॉडेल बदललं की तुम्ही विमानाच्या मंजूर रचनेतच बदल करता. त्या बदलाला आधार लागतो. तो तीन ठिकाणी सापडतो: विमानाच्या टाइप सर्टिफिकेट डेटा शीटमध्ये (मंजूर रचनेच्या अधिकृत पत्रकात) तो प्रोप नोंदलेला असतो, किंवा विमान बनवणाऱ्या कंपनीचं किट अथवा सर्व्हिस बुलेटिन (तांत्रिक सूचना) असतं, किंवा कोणीतरी त्यासाठी सप्लिमेंटल टाइप सर्टिफिकेट, म्हणजे एसटीसी (मंजूर रचनेतल्या बदलाला नियामकाची मान्यता), घेतलेलं असतं. यातलं एकही नसेल तर तो प्रोप कितीही चांगला असो, सोडून द्या.

आणि हे नीट वाचा: एसटीसीवर अमेरिकेच्या एफएएची (तिथल्या विमान नियामकाची) मोहोर आहे म्हणून ते व्हीटी, म्हणजे भारतीय, नोंदणीच्या विमानावर आपोआप चालेल असं गृहीत धरू नका. डीजीसीएचा (आपल्याकडच्या विमान नियामकाचा) होकार आपल्या विमानासाठी लेखी घ्या. कामाचे नियम डीजीसीएच्या सीएआर-२१ मध्ये, अर्ज तिच्याच ईजीसीए पोर्टलवरून. ज्या संस्थेकडे तुमच्या विमानाच्या सततच्या उड्डाणयोग्यतेची जबाबदारी आहे, तिच्याकडून हा बदल छोटा की मोठा याचं मत सुरुवातीलाच लेखी मागा. फोनवरच्या 'होऊन जाईल' वर पैसे पाठवू नका.

एसटीसीच्या बाबतीत आणखी एक गल्लत होते. इंटरनेटवरून त्याची प्रत उतरवून घेतली म्हणजे ते वापरायचा हक्क मिळत नाही. त्याच्या मालकाचं, तुमच्या विमानाच्या सीरियल नंबरसह, परवानगीपत्र लागतं.

फाइलमध्ये हे असू द्या:

- नोंदणी प्रमाणपत्र, उड्डाणयोग्यता प्रमाणपत्र, चालू एआरसी (उड्डाणयोग्यतेच्या तपासणीचं प्रमाणपत्र)
- विमान, इंजिन आणि प्रोप, तिन्हींची लॉगबुकं
- विमान आणि इंजिन यांच्या टाइप सर्टिफिकेट डेटा शीट, ताज्या आवृत्तीच्या
- किटचे किंवा एसटीसीचे कागद, बसवण्याच्या सूचना, पुढच्या देखभालीच्या सूचना
- वैमानिक पुस्तिकेची पुरवणी
- नव्या प्रोपचा रिलीज कागद (तो वापरायला योग्य असल्याचा दाखला): अमेरिकेहून आला तर एफएए फॉर्म ८१३०-३, युरोपातून आला तर ईएएसए फॉर्म १
- वापरलेला असेल तर त्याचं पूर्ण लॉगबुक, आणि त्याच्यावर लागू असलेल्या एअरवर्दीनेस डायरेक्टिव्ह (नियामकाच्या सक्तीच्या सूचना) पाळल्याची नोंद
- चालू वजन पत्रक
- विमा कंपनीला पाठवलेलं पत्र आणि तिचं उत्तर

पैसे देण्याआधी विक्रेत्याकडून हबवर कोरलेल्या मॉडेल आणि सीरियल नंबरचा स्पष्ट फोटो मागा, आणि तो कागदाशी एकेक अक्षर जुळवा. दोन मिनिटांचं काम आहे. जो विक्रेता फोटो द्यायला टाळाटाळ करतो, त्याच्याकडून घेऊ नका.

## ५. मागवणं आणि सोडवणं

प्रोप बनवणारी नावं मोजकी आहेत: विचिटाची मेकॉली, ओहायोतल्या पिक्वाची हार्टझेल, पेनसिल्व्हेनियाची सेन्सेनिच, जर्मनीची एमटी. मुंबईच्या मार्गाने आलं तर समृद्धी महामार्गाने खोकं एका दिवसात नागपुरात पोचतं, तो भाग आता सोपा झालाय.

सीमाशुल्काचं काम विमानाचे भाग आधी सोडवलेल्या दलालाकडेच द्या. प्रोपेलरसाठी एचएस वर्गीकरण (सीमाशुल्काच्या मालयादीतला क्रमांक) ८८०७.१० आहे. विमानाच्या सुट्या भागांच्या आयातीवर जुलै २०२४ पासून ५ टक्के एकसमान आयजीएसटी आहे, पण अटींसह, आणि खासगी मालकाला त्या लागू होतात का हे माल निघायच्या आधी दलालाकडून लिहून घ्या.

खोकं आलं की ते उघडताना व्हिडिओ काढा. पातं वाकलंय का, कडेला मार आहे का, हबची बैठक खरवडली आहे का ते वाहतूकदारासमोर पाहा. बोल्ट, वॉशर, स्पेसर किटच्या यादीशी जुळवा. जुने बोल्ट वापरून काम भागवायचा मोह होईल. सूचना नवे म्हणत असतील तर नवेच.

## ६. बसवण्याचा दिवस

बसवणार एएमई, त्यांच्याकडे तुमच्या प्रकारच्या पिस्टन विमानाचा परवाना हवा. तुम्ही पातं धरायला आणि शिकायला उभे राहा. नागपुरात हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत ठेवा. एप्रिलनंतर पत्र्याच्या हँगरमध्ये दुपारी माणूस चिडतो, घाई करतो, आणि टॉर्क रेंच घेऊन घाई करू नये. बाहेरून कोणी तंत्रज्ञ साधनं घेऊन येणार असेल तर विमानतळाचा प्रवेश पास आणि साधनांची यादी काही दिवस आधी तयार करा. गेटवर ऐनवेळी काही होत नाही.

लागणारी साधनं: कॅलिब्रेशनची तारीख चालू असलेला टॉर्क रेंच, सेफ्टी वायर आणि तिची पक्कड, चाकांना लावायचे ठोकळे, शेपटीला आधार, ट्रॅकिंगसाठी (दोन्ही पाती एकाच रेषेतून जातात का ते पाहायला) जमिनीवर ठेवायचा टोकदार स्टँड, आणि ताजं मॅन्युअल, छापील किंवा टॅबवर.

प्रोपला हात लावायच्या आधी मॅग्नेटो (इंजिनाला ठिणगी देणारं यंत्र) बंद, किल्ली खिशात, मिक्स्चर (इंधनाचा दांडा) पूर्ण मागे, चाकांना ठोकळे. आणि तरीही प्रोप जिवंत आहे असंच समजा. मॅग्नेटोची जमिनीला जाणारी तार तुटली असेल तर स्विच बंद दाखवूनही मॅग्नेटो चालूच असतो. गरम इंजिनात उरलेल्या थोड्या इंधनावर, हाताने फिरवलेला प्रोप एक ठिणगी देऊन अर्धा फेरा मारू शकतो, आणि त्या अर्ध्या फेऱ्याच्या वाटेत हात किंवा डोकं असेल तर संपलं. लहान मुलांना त्या दिवशी हँगरमध्ये आणू नका. मी माझ्या मुलीला त्या दिवशी घरी ठेवलं, ती आठवडाभर रुसली होती, तरी आजही ते बरोबरच वाटतं.

जुना प्रोप काढताना फ्लँजवर (प्रोप बोल्टने बसतो त्या चकतीवर) त्याची जागा खुणेने दाखवा. बैठकीच्या दोन्ही बाजू स्वच्छ, कोरड्या, गंज आणि रंगाचे थर काढलेल्या हव्यात. क्रँकशाफ्टच्या सीलमधून तेल झिरपतंय का ते आत्ताच पाहा, पुन्हा एवढं मोकळं कधी दिसणार? बोल्ट आळीपाळीने, समोरासमोरचे, टप्प्याटप्प्याने घट्ट करत जायचं, आणि शेवटचा आकडा मॅन्युअलमधलाच. ताण पूर्ण आल्यावर ट्रॅकिंग: जमिनीवरच्या टोकासमोरून एक पातं नेलं, मग दुसरं. धातूच्या प्रोपची दोन पाती एकाच रेषेतून एक सोळांश इंचाच्या आत जायला हवीत, लाकडी असेल तर एक अष्टमांश. मगच सेफ्टी वायर. वायर अशी ओढलेली हवी की बोल्ट सैल व्हायला लागला तर ती तो आवळेल.

टॅकोमीटरच्या खुणा विसरू नका. माझ्या विमानात लाल रेष २,४०० वरून २,७०० वर गेली. नवा प्रोप लागला आणि काट्यावर जुन्याच खुणा राहिल्या, तर तिसऱ्या माणसाच्या हातात ते विमान धोकादायक आहे. सूचनांप्रमाणे नव्या खुणा, पाट्या, आणि पुस्तिकेतली पुरवणी विमानात ठेवल्याशिवाय काम पूर्ण झालं असं समजू नका. नवं वजन पत्रक आणि तिन्ही लॉगबुकांतल्या नोंदी करून एएमईंनी सीआरएसवर (विमान सेवेत द्यायच्या दाखल्यावर) सही केली, की मग.

## ७. पहिला रन-अप, पहिलं उड्डाण

रन-अप म्हणजे जमिनीवर उभ्यानेच इंजिन चालवून पाहणं. विमान स्वच्छ काँक्रीटवर न्या. प्रोप खडे वर ओढून घेतो, आणि नव्या कडेला पहिल्याच दिवशी खड्डा पडलेला पाहणं फार जिव्हारी लागतं. आधी कमी आरपीएमवर थोडा वेळ, बंद, काउलिंगभोवती तेल आणि बोल्ट पाहा. मग ब्रेक दाबून पूर्ण थ्रॉटल. आकडा पुस्तिकेतल्या पट्टीत यायला हवा. पट्टीच्या खाली असेल तर इंजिन दमलंय, पट्टीच्या वर असेल तर प्रोप चुकीचा आहे किंवा टॅकोमीटर. दोन्ही वेळी उडायचं नाही. माझा आला २,३४०.

डायनॅमिक बॅलन्सिंग याच दिवशी करून घ्या. इंजिनावर कंपनमापक लावतात, पात्यावर चमकती पट्टी चिकटवतात, आणि कंपन इंच प्रति सेकंदात मोजतात. ०.२ च्या आत चालतं, पण ०.०७ च्या आत आणता येतं आणि तेवढ्यासाठी हट्ट धरा. इंजिन माउंटची रबरं, काउलिंगचे स्क्रू, यंत्रपटलावरची उपकरणं, सगळ्यांचं आयुष्य यावर आहे.

पहिल्या उड्डाणाला एकटे जा, हवामान स्वच्छ असू द्या, आणि सोनेगावच्या वर, धावपट्टी हाताशी राहील अशा उंचीवर वीस मिनिटं फिरा. सोनेगावला वायुसेनाही आहे आणि प्रवासी विमानंही, त्यामुळे नियंत्रण कक्षाला आधी फोन करून हेतू सांगितलात तर सकाळची मोकळी वेळ मिळते.

बारीक पिचवर दोन सवयी बदलाव्या लागतात. चढताना २,५०० चा आवाज ऐकून हात आपोआप थ्रॉटल मागे घेतो. घेऊ नका, तिथेच तुमची नवी ताकद आहे. उलट खाली उतरताना लक्ष ठेवा: वेग वाढला की हवाच प्रोप फिरवते आणि काटा लाल रेषेकडे धावतो. उतरताना थ्रॉटल आधी थोडा मागे, मग नाक खाली.

आता पहिल्या पायरीतली वही काढा आणि तीच मोजमापं, तशाच सकाळी, त्याच वजनाला पुन्हा घ्या. माझ्याकडे २,००० ते ४,००० फुटांची चढाई एक मिनिट दहा सेकंदांनी लवकर झाली. इंधन मात्र ताशी चार लिटरने वाढलं. मला हा सौदा मान्य आहे. तुम्ही मुंबई-पुण्याच्या लांब फेऱ्याच जास्त करत असाल, तर कदाचित नसेल.

## ८. पुढचे पंचवीस तास

- पहिल्या उड्डाणानंतर स्पिनर काढून सेफ्टी वायर आणि बल्कहेड पाहा. स्पिनरच्या स्क्रूच्या भोकांपाशी केसासारखी रेघ दिसली तर उडू नका.
- लाकडी प्रोप असेल तर बोल्टचा ताण पहिल्या उड्डाणानंतर आणि पुढे मॅन्युअल सांगेल तेव्हा पुन्हा तपासून घ्या. धातूच्या प्रोपलाही मॅन्युअल सांगेल तेव्हाच, मनाने आवळू नका.
- प्रत्येक उड्डाणाआधी बोट नाही, अंगठ्याचं नख कडेवरून फिरवा. नखाला अडलं ते एएमईंना दाखवा.
- विमान ढकलताना पात्यांच्या टोकांवर किंवा स्पिनरवर जोर देऊ नका. टो-बार (नाकाच्या चाकाला लावून ओढायचा दांडा) वापरा, आणि तो काढून ठेवा. लावलेल्या टो-बारसकट इंजिन सुरू केल्याने प्रोप गेल्याचे प्रकार दरवर्षी कुठे ना कुठे घडतात.
- पाती आरशासारखी चकचकीत करू नका. मागच्या बाजूचा काळा रंग वैमानिकाच्या डोळ्यांवर चमक येऊ नये म्हणून आहे.
- चालू इंजिनात प्रोप कशालाही लागला, अगदी हलका, तरी 'काही झालं नाही' म्हणून पुढे जाऊ नका. लायकमिंगचं सर्व्हिस बुलेटिन ५३३ यावरच आहे. नुकसान पात्यावर दिसतं, पण मार क्रँकशाफ्टपर्यंत गेलेला असू शकतो.

संक्रांतीच्या आसपास एक जास्तीची नजर टाका. नायलॉन मांजा प्रोप आणि स्पिनरमधल्या फटीत गुंडाळला जातो आणि सीलपाशी जाऊन बसतो. गेल्या जानेवारीत माझ्याकडे हातभर लांबीचा निघाला.

## ९. जुन्या प्रोपचं काय?

विकायचा असेल तर त्याचं लॉगबुक, काढतानाचे तास आणि एएमईंची नोंद असलेला टॅग एकत्र ठेवा. टॅग नसलेल्या चांगल्या प्रोपला भंगाराचा भाव मिळतो. पात्यांना तेलाचा पातळ हात द्या, हबच्या भोकांत कापूस भरा, लाकडी चौकटीत आडवा ठेवा, भिंतीला टेकवून उभा करू नका. तो सेवेतून बाद झाला असेल तर सीरियल नंबर खोडून, एएमईंकडून लेखी बाद करून घ्या, म्हणजे पुढे तो कोणाच्या विमानावर चुकून चढणार नाही. माझा बाद झाला नव्हता. तो एका १७२ आरच्या मालकाकडे गेला, ज्याचा स्वतःचा प्रोप ओव्हरहॉलला गेला होता. खोक्यावर मी सीरियल नंबरचा फोटो चिकटवून पाठवला.